प्रगतिपुस्तकावर ‘पालकाची सही’ कोणाची होती?

मुक्कामी:
माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावर सहामाहीच्या रकान्यात एका एसटी कंडक्टरची सही आहे. ती कशी आली ते आधी सांगतो, मग तुमचं सांगा.

संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव. बाबा लालबागला गिरणीत. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला. वाडीतले बरेचसे चाकरमानी दोनेक महिन्यांत ट्रंका घेऊन परत आले, बाबा आले नाहीत. आधी मनिऑर्डर थांबली, मग पत्रं. आई त्याबद्दल बोलायची नाही आणि मी विचारायचो नाही. वाडीतली पोरं आपापल्या बाबांच्या मागून मासे गरवायला जायची. मी देवळाच्या पायरीवर बसून रात्रीच्या गाडीची वाट बघायचो. न जाणो, उतरतील.

साडेआठला मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर जेवून लगेच आडवा व्हायचा, कंडक्टर कंदिलाच्या उजेडात हिशोब करत बसायचा. तिसऱ्या की चौथ्या रात्री त्यांनी विचारलं, “काय रे, रोज कोणाला न्यायला येतोस?” मी म्हटलं, “कोणाला नाय.” त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तिकिटांची पेटी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “वजाबाकी येते?”

प्रत्येक गठ्ठ्याचा संध्याकाळचा नंबर, त्यातून सकाळचा नंबर वजा, गुणिले तिकिटाची किंमत. दहा पैशांच्या नाण्यांच्या चळती मी लावायचो. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, आणि पैसे जुळले की कंडक्टरमामा तिकिटं टोचायचा पंच माझ्या हातात द्यायचे आणि रद्दी कागदावर टिकटिक करू द्यायचे. माझं गणित त्या पेटीवर सुधारलं. सही मागितली तेव्हा मामा आधी नाही म्हणाले. “आईचा अंगठा घे.” मी हललो नाही. मग त्यांनी वेबिलावर करायचे तशीच घाईची सही ठोकली. गुरुजींनी विचारलं, “हे कोण?” मी म्हटलं, “मुक्कामी गाडीचे मामा.” गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुस्तक गठ्ठ्यात टाकलं.

पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली झाली.

उसाचं पाचट:
आमच्या बीडकडं दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. आई आणि अण्णा कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, मी म्हातारीजवळ. थेट उन्हाळ्यात परत. धाकट्या भावाला सोबत न्यायचे, तो अंगावर पिणारा म्हणून. मला शाळेसाठी ठेवायचे. ते माझ्या भल्याचंच होतं, पण सात वर्षांच्या पोरीला ते ‘त्याला नेलं, मला टाकलं’ असंच दिसतं.

गुरुजी हजेरी घेताना माझं नाव आलं की ‘हजर’च्या आधी विचारायचे, “जेवलीस का?” बाकी कोणाला नाही, मलाच. मला लाज वाटायची. एकदा खोटंच ‘हो’ म्हटलं, तर मधल्या सुट्टीत डब्यातली अर्धी भाकरी फडक्यावर काढून ठेवली आणि आपण मैदानात निघून गेले, म्हणजे मला त्यांच्यासमोर खावं लागू नये.

आणि खरं सांगू? अण्णा घरी आले की मी म्हातारीच्या मागं लपायचे. ते हात पुढं करायचे, उसानं कापलेले, आणि मी जायचे नाही. आता अण्णा नाहीत. ते आठवलं की घास गिळवत नाही.

बिनसही:
माझ्या सगळ्या सह्या मीच केल्या. बापाची सही इतकी सफाईदार जमायची की बँकेतही चालली असती. कंडक्टर नाही, गुरुजी नाहीत, कोणीच भेटलं नाही. असेही असतात, म्हणून लिहिलं.

माळवद:
३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात आमचं सास्तूर गाव खाली आलं. दगडमातीच्या भिंती, वर हातभर मातीचं माळवद. तेच अंगावर पडलं. वडील आणि बहीण गेली. मी मामाकडं होतो म्हणून राहिलो. या भागातली बाराशे मुलं पुण्याजवळ वाघोलीला शिकायला नेली. मामी म्हणाली, आमचं लेकरू आम्ही सांभाळू, म्हणून मी गेलो नाही. त्यांनी सांभाळलंही. पण मामाला स्वतःची चार, आणि त्या घरात मी उठलो-बसलो तरी कोणाला पत्ता नसायचा.

पुढं नवीन घरं बांधायला बाहेरून गवंडी आले. त्यातला एक तेलंगी, मराठी मोडकं. मी तिथं नुसता उभा राहायचो. एक दिवस म्हणाला, “ओळंबा धर.” दोरी वर त्याच्याकडं, लोलक खाली माझ्याकडं. “हलला?” “नाही.” “आता?” “जरा उजवीकडं.” मी सांगेन तशी तो वीट ठोकायचा. एवढा मोठा माणूस माझं ऐकून भिंत सरळ करतोय! भूकंपानंतर मला भिंतीजवळ झोपायची भीती होती, हे त्याला कोणी सांगितलं होतं की नाही, माहीत नाही. पण ती भिंत पुरी झाल्यावर त्यानं मला तिला पाठ लावून बसवलं आणि आपण शेजारी बसून विडी ओढली.

मी औषधाचं दुकान चालवतो, बांधकामाशी काही संबंध नाही.

तिसरा मजला:
सगळं वाचून भरून आलं, तरी एक कडू गोष्ट लिहिते. बापाविना पोर कुठं उभं राहतं, कशासाठी उभं राहतं, हे चांगल्या माणसाला कळतं तसं वाईट माणसालाही कळतं. मी नऊ वर्षांची असताना एका ‘काकां’नी चित्रांची पुस्तकं दिली होती. पुढचं लिहीत नाही. माझ्या आईला ते देवमाणूस वाटायचे. मुलांच्या मदतीचा १०९८ हा फोन नंबर तेव्हा मला कोणी सांगितला असता तर.

एकटी आई:
म्हणूनच विचारते. माझा मुलगा आठ वर्षांचा. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मुलगा रोज संध्याकाळी खाली वॉचमनजवळ जाऊन बसतो. ते गाड्यांचे नंबर लिहितात, हा वाचून दाखवतो. माणूस सज्जन वाटतो. थांबवू का?

तिसरा मजला:
थांबवू नका. फक्त सगळ्यांना दिसेल अशा जागी बसू देत. “हे आईला सांगू नको” असं कोणी म्हटलं की त्याच दिवशी तुम्हाला सांगायचं, एवढं मुलाला पक्कं करा. आणि अधूनमधून तुम्हीही चहा घेऊन खाली जा.

उसाचं पाचट:
ताई, बालसंगोपन योजनेचा अर्ज केलाय का? एक पालक गेलेल्या मुलांनाही महिना २२५० रुपये आहेत. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. हेलपाटे होतील, पण करा.

जुना पोस्टमन:
मी दुसऱ्या बाजूचं सांगतो. सांगलीत माझ्या बिटात एक पोरगा होता. बाप घर सोडून गेलेला. रोज दारात उभा, “आमचं काय आहे का?” रोज त्याला नाही म्हणायचं माझ्या जिवावर यायचं, म्हणून मी वाट बदलली. पलीकडच्या गल्लीनं जायला लागलो. तर हे बेणं दोन दिवसांत पलीकडच्या गल्लीत येऊन उभं! शेवटी म्हटलं, बस मागं. सुट्टीत दोन वर्षं माझ्या सायकलच्या कॅरियरवर फिरला. पत्ते वाचायचा, घंटी वाजवायचा. मंडळी म्हणायच्या, परक्याच्या पोरात जीव अडकवू नका.

पोरगा शिकला, पुण्याला गेला. लग्न झालं ते मला किराणावाल्याकडनं कळलं. राग नाही म्हणणार नाही, आला राग. एक फोन करायला काय जातंय?

मुक्कामी:
काका, त्याच्या वतीनं मी काय बोलणार. पण मला मामांचं नावही माहीत नाही. मी त्यांना मामाच म्हणायचो. आठवतो तो फक्त छातीवरचा पितळी बिल्ला, त्याचा नंबर पाठ आहे. डेपोत जाऊन तो नंबर सांगितला तर कोणी जुना माणूस नाव सांगेल, हे मला वीस वर्षांपासून सुचतंय. अजून गेलो नाही. जाऊन काय सांगू, तुम्ही एकदा माझ्या पुस्तकावर सही केली होती?

जुना पोस्टमन:
एवढंच सांग. जा की लेका.