मदत हवी आहे: ट्यूमरची कन्व्हेक्सिटी मोजतोय, स्लाइसवार एक उत्तर येतंय आणि थ्रीडीत दुसरंच

तांबडा_पांढरा:
नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठात एमेस्सी मॅथ्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला कन्व्हेक्स सेट घेतलेत आणि नुसती थिअरी नको म्हणून वहिनीला मस्का लावला, ती रेडिओलॉजीची रेसिडेंट आहे, थिसिससाठी तिने मेनिंजिओमाचे (मेंदूच्या आवरणातून वाढणारा ट्यूमर) एमआरआय जमवलेत (नावंबिवं सगळी काढलेली, परवानग्या रीतसर आहेत, त्यावरून कुणी झापू नका). प्रत्येक स्लाइसवर तिने ट्यूमरची कड हाताने आखलीय. ट्यूमर किती भरीव आणि किती खाचाखोचांचा, हे एका आकड्यात सांगायचं काम माझं.

आकडा म्हणून सॉलिडिटी घेतली. म्हणजे आकारातले कुठलेही दोन बिंदू जोडले आणि तो रेषाखंड पूर्ण आतच राहिला तर आकार कन्व्हेक्स, आणि तसा नसेल तर त्याला पोटात घेणारा सगळ्यात लहान कन्व्हेक्स आकार म्हणजे त्याचा कन्व्हेक्स हल. मूळ आकार भागिले हल. कन्व्हेक्स असेल तर १, खाचा वाढतील तसा कमी.

आता घोळ असाय की एका ट्यूमरची प्रत्येक स्लाइस वेगळी मोजून सरासरी घेतली तर जवळजवळ १ येते, आणि तोच ट्यूमर थ्रीडीत अख्खा घेतला की धपकन खाली. कोड चारदा वाचला, सापडत नाही काही. त्यात दोन बारक्या ट्यूमरांची थ्रीडी सॉलिडिटी १ च्या वर गेलीय, जे होऊच शकत नाही ना? आणि तिसरं, वहिनीच्या शीटमध्ये 'कन्व्हेक्सिटी' नावाचा रकाना आहे, हो किंवा नाही असा, त्याचा माझ्या आकड्याशी काडीचा संबंध लागत नाहीये. वहिनीची नाइट ड्यूटी चालूय, झोपेतून उठवून विचारायची माझी टाप नाही. पायथनच्या सायपाय लायब्ररीतलं कन्व्हेक्सहल वापरतोय. मदत करा राव, गाइडना सोमवारी दाखवायचंय.

कट_वडा:
भावा बारावीनंतर मॅथ्स सोडलं त्याचं सार्थक झालं बघ आज 😄 धागा वर ठेवतो, जाणकार येतील.

कोपरा_नसलेला:
पहिल्याचं उत्तर, कोड बरोबर असू शकतो. कन्व्हेक्स वस्तूला कुठल्याही प्रतलाने कापलं तरी काप कन्व्हेक्सच येतो, कारण दोन कन्व्हेक्स सेटचा छेद कन्व्हेक्स असतो. पण उलटं खरं नाही, निदान एकाच दिशेने कापत असशील तर नाही. केळ्याच्या आडव्या चकत्या कर, प्रत्येक चकती गोल, पण केळं वाकडं ते वाकडंच. तू फक्त अॅक्शियल म्हणजे आडव्या स्लाइस बघतोयस, त्यामुळे वर जाताना ट्यूमर कुठे वाकला ते स्लाइसवार सरासरीला दिसायचंच नाही. नुसता तिरपा सरकत गेला तर हरकत नाही बरं का, तिरपा सिलिंडर कन्व्हेक्सच असतो. एकीकडे जाऊन परत फिरला की मात्र गेलं. सगळ्या दिशांचे सगळे काप कन्व्हेक्स निघाले तर वस्तू कन्व्हेक्स, हे सिद्ध करायला दोन ओळी लागतात, प्रोजेक्टात टाक, गाइड खूश होतील.

१ च्या वरचं म्हणशील तर माझा संशय असा की तू व्हॉक्सेलचे (थ्रीडीतल्या पिक्सेलचे) मध्यबिंदू देतोयस हलला. ३×३×३ चा ठोकळा घे, व्हॉक्सेल मोजले तर घनफळ २७, पण मध्यबिंदूंचा हल म्हणजे २×२×२, घनफळ ८. भागाकार तीनच्या वर! मोठ्या ट्यूमरला हा फरक दबून जातो, बारक्याला खातो. व्हॉक्सेलचे आठही कोपरे दे. आणि टूडीत त्या कन्व्हेक्सहलचं एरिया म्हणजे परिमिती असते आणि व्हॉल्यूम म्हणजे क्षेत्रफळ, हा जुना सापळा आहे, तोही तपास.

तांबडा_पांढरा:
मध्यबिंदूच देत होतो सर 🙏 कोपरे दिले, आता एकही १ च्या वर नाही. टूडीत व्हॉल्यूमच घेतलं होतं, ते वाचलं. केळं मात्र जबरी, कोरोनल व्ह्यू (समोरून दिसणारा उभा काप) काढून बघितला तर ट्यूमर खरंच कवटीच्या आतल्या बाजूने वाकत गेलाय.

फिल्म_वाचते:
तेच लिहायला आले. मी रेडिओलॉजीतच आहे, सांगलीला. आधी तुझा रकाना. कन्व्हेक्सिटी मेनिंजिओमा हे जागेचं नाव आहे, आकाराचं नाही. कवटीच्या घुमटाखाली मेंदूचा जो बाहेरचा फुगीर पृष्ठभाग, त्यावरच्या ड्युराला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाला, चिकटून वाढतो तो. कवटीच्या तळाशी किंवा फॉल्क्सला (मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला ड्युराचा पडदा) असेल तर रकान्यात 'नाही'. सर्जनला त्याचा उपयोग असतो, वरच्या पृष्ठभागावरचा ट्यूमर गाठायला सहसा सोपा, तळाचा नसांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या गर्दीत. त्यामुळे तो रकाना काढू नकोस, गट पाडायला ठेव.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. सॉलिडिटी कमी म्हणजे ट्यूमर खडबडीत, असं तू लिहिणार असशील तर थांब. एन प्लाक मेनिंजिओमा म्हणून प्रकार असतो, चादरीसारखा ड्युरावर पसरतो. कड एकदम गुळगुळीत, तरी कवटीबरोबर वाकल्यामुळे सॉलिडिटी पडते. सीटीवर रक्ताचंही तसंच बघ, एक्स्ट्राड्युरलमध्ये (कवटी आणि ड्युराच्या मधला रक्तस्राव) कवटीच्या सांध्यांपाशी ड्युरा घट्ट धरलेला असतो म्हणून रक्त दोन्हीकडून फुगून भिंगासारखं दिसतं, सॉलिडिटी १ च्या आसपास. सबड्युरल (ड्युराच्या आतलं) सांधे ओलांडून पसरतं, चंद्रकोर होते, सॉलिडिटी कमी. ह्यात खडबडीतपणा कुठेय? तू कवटीचा बाक मोजतोयस. ट्यूमरच्या मेंदूकडच्या बाजूची कड वेगळी काढून मोजता आली तर बघ, आम्हाला त्या बाजूतच रस असतो.

तांबडा_पांढरा:
आईशप्पथ मॅडम, मी अगदी हेच वाक्य लिहून ठेवलं होतं, उडवलं. अजून एक विचारू का, पिक्सेल अर्धा मिमीचा आहे आणि स्लाइस पाच मिमीवर, हे अंतर कोडमध्ये घातलंच नाहीये मी, सगळं एकेक धरलंय. म्हणजे परत सगळं चालवायचं का?

कोपरा_नसलेला:
सॉलिडिटीसाठी नको! एका दिशेने ताणलं तर ट्यूमरचं आणि हलचं घनफळ एकाच पटीत वाढतं, हलही ताणलेल्या आकाराचाच हल राहतो, म्हणून भागाकार तोच. ह्यालाच अफाइन इन्व्हेरियन्स म्हणतात. पण पृष्ठफळ किंवा स्फेरिसिटी (आकार गोलाच्या किती जवळ) काढशील तर अंतर घालावंच लागेल, तिथे ही सवलत नाही.

आकडेमोड_आण्णा:
जाता जाता, गटाची सरासरी देताना सरासरी व्यास काढून त्यावरून घनफळ काढू नको रे बाळा. पेपरांत हे लई बघितलंय. २ सेमी आणि ४ सेमी असे दोन गोल ट्यूमर धर, घनफळं साधारण ४.२ आणि ३३.५ घनसेमी, सरासरी १८.८. सरासरी व्यास ३ सेमी, त्याचं घनफळ १४.१ च. व्यासाचा घन हे फंक्शन कन्व्हेक्स (आलेख वरच्या बाजूला वाकत जाणारं), म्हणून व्यास सारखे नसतील तर ही चूक नेहमी खालच्याच बाजूला. येन्सेनची असमानता, १९०६ ची. तो येन्सेन पोटासाठी टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होता आणि गणित फावल्या वेळात करायचा, हेही गाइडना सांग.

तांबडा_पांढरा:
आण्णा, वहिनीच्या शीटमध्ये सरासरी व्यासाचाच रकाना आहे 😬 प्रत्येकाचं घनफळ वेगळं काढून मग सरासरी घेतो.

फिल्म_वाचते:
अंतराचा भागाकारावर परिणाम नाही हे मान्य, पण पाच मिमीवर आखलंय म्हणजे मधला बाक आणि वरखालची टोकं पकडलेलीच नाहीत, दोन सेमीच्या ट्यूमरला जेमतेम चार स्लाइस मिळतात. कॉन्ट्रास्ट औषध दिल्यानंतरची पातळ स्लाइसांची थ्रीडी टी-वन एमआरआय सिरीज केलेली असेल तर त्यावर कड परत आखून घ्यायला सांग, निदान लहान ट्यूमरांची.

तांबडा_पांढरा:
सिरीज आहे मॅडम, बहुतेकांची आहे. परत आखायचंय हे वहिनीला सांगायला मात्र दादाला पुढं करतो.