मदत हवी आहे: आडसाली उसाचं उत्पन्न 'गेल्या ३६५ दिवसांत' कसं बसवायचं? (कुटुंब सर्वेक्षण, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,
मी अर्थशास्त्राची, सध्या एका शेती विकास प्रकल्पासाठी शेतकरी कुटुंबांचं सर्वेक्षण बघते. करवीर, कागल आणि शिरोळ तालुक्यातली गावं आहेत. प्रश्नावली वरून तयार होऊन आलीय, खरीप, रब्बी, उन्हाळी असे रकाने आणि प्रत्येक ठिकाणी गेल्या ३६५ दिवसांत किती पिकलं, किती खर्च झाला. भात, सोयाबीन, भुईमूग असेल तर काही अडचण नाही, पण इथं ऊस आहे आणि उसाला सगळं गणित फिसकटतंय.

म्हणजे बघा, एका घरानं जुलैत आडसाली लावली. ती तुटणार पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात, सोळा-सतरा महिन्यांनी. आमची पोरं मधेच जाऊन विचारतात तेव्हा बेणं, लागण, खत, भरणी सगळा खर्च ३६५ दिवसांत येतो आणि उत्पन्न शून्य, त्यामुळं डेटात ते कुटुंब तोट्यात. शेजारच्याचं रान तेवढंच, पण त्याची एका तुकड्यातली लागण (नव्यानं लावलेला ऊस) आणि दुसऱ्यातला खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेलं पीक) दोन्ही याच हंगामात कारखान्याला गेले, म्हणून तो एकदम सधन. प्रत्यक्षात दोघांची परिस्थिती सारखीच आहे हे गावात कुणीही सांगेल. तीन वर्षांनी हेच आकडे परत घेऊन प्रकल्पामुळं उत्पन्न वाढलं का हे ठरणार आहे, त्यात ऊस कधी तुटला याचाच फरक दिसला तर ज्या गावाला खरंच मदत पाहिजे तेच गाव मागं पडेल. याचीच मला काळजी आहे.

दुसरं म्हणजे ऊसबिल किती आलं विचारलं की 'हातात काय आलं न्हाई, सगळं सोसायटीला गेलं' असं उत्तर येतं (सोसायटी म्हणजे पीककर्ज देणारी गावची सहकारी संस्था) आणि काही पोरं तिथं सरळ शून्य भरतात. हे सगळं कुणी नीट हाताळलंय का? प्रश्नावली पूर्ण बदलता येणार नाही, पण एक जादा पान जोडायची परवानगी मिळालीय.

फिरता सर्वेक्षक
ताई, मी बरीच वर्षं सरकारी पाहण्यांसाठी गावोगाव हिंडलोय. एनएसएसच्या (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या) ७७व्या फेरीत शेतकरी कुटुंबांचा सर्व्हे झाला तेव्हा एकाच घरी दोनदा जायचं होतं. जानेवारी ते ऑगस्ट २०१९ मधल्या भेटीत जुलै-डिसेंबर २०१८ चं विचारायचं आणि सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या भेटीत जानेवारी-जून २०१९ चं. म्हणजे वर्ष जुलै ते जून असं बांधलेलं होतं, भेटीच्या दिवसापासून मागं मोजलेलं नव्हतं. तुम्ही पहिल्यांदा हे करा, नाहीतर मार्चमधे भेटलेलं घर आणि सप्टेंबरमधे भेटलेलं घर वेगवेगळ्या वर्षांबद्दल बोलत असतात.
त्या फेरीत देशातल्या शेतकरी कुटुंबाच्या उत्पन्नाची सरासरी महिना १०,२१८ रुपये आली, त्यात मजुरीचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. घरचं बेणं, घरचं शेणखत अशा खर्चाची किंमत धरली की तीच सरासरी ८,३३७ वर येते. मोजायची पद्धत बदलली तर एवढा फरक पडतो, त्यामुळं तुमची काळजी रास्त आहे.
आणि पोरांना तारखा विचारू देऊ नका. जोतिबाची चैत्र यात्रा, बेंदूर, गणपती, दिवाळी यावर विचारा, माणसाला बरोबर आठवतं.

ऊसकरी शिरोळ
मी शेतकरीच हाय, सर्व्हेवाले आमच्याकडं पण येऊन गेल्यात. ताई, 'उत्पन्न किती' असं विचारलं की कुणी खरं सांगणार न्हाई, सांगायचं नसतं असं न्हाई पण आम्ही तसं मोजतच न्हाई. टन किती गेलं ते विचारा. गेल्या गळिताला कुठल्या तुकड्यातनं किती टन, लागण का खोडवा का निडवा (खोडव्यानंतरचं पीक), कुठल्या कारखान्याला. काटा पावत्या (वजनाच्या) घरात असत्यात, त्या मागा, बायका लगेच काढून देत्यात कारण त्यांनीच जपून ठेवलेल्या असत्यात.
बिलाचं असं आहे, कारखाना जो दर काढतो तो तोडणी-वाहतूक वजा करूनच हातात येतो. तुमच्या पोरानं तो दर लिहिला आणि परत खर्चात तोडणी-वाहतूक धरली तर आमचं दोनदा कापलं. पुढं त्याच बिलातनं सोसायटीचं कर्ज जातं, कुठं पाणीपुरवठा संस्थेची पट्टी जाते. राहिलं ते खात्यावर. कर्ज फेडलं म्हंजे उत्पन्न न्हाई झालं असं कसं, ते पीक तर आमचंच होतं. पाणीपट्टी मात्र खर्च, ती धराच.
आणि कागदावर नसलेला खर्च पण विचारा. टोळीची खुशाली म्हंजे तोडणाऱ्यांना वरनं द्यायचे पैसे, गाडीवाल्याची एंट्री म्हंजे ऊस नेणाऱ्याला खेपेला वरनं द्यायचे. ते विचारल्याशिवाय कोण सांगत न्हाई.

करवीरकर
शेती अर्थशास्त्रात काम करतो. तुमच्या जादा पानावर तुकड्यांची यादी घ्या. कुटुंबाचं एकूण ऊसक्षेत्र एका आकड्यात विचारूच नका. प्रत्येक तुकड्याला लागणीचा महिना, शेवटचा तोडा कधी, टनेज, आणि आत्ता काय उभं आहे. मग दोन वेगळे हिशेब ठेवा, एकात दोन्ही कोंबायला जाऊ नका.
पहिला रोख पैशाचा, जुलै ते जून मधे काय आलं काय गेलं. घरात त्या वर्षी ओढाताण होती का हे त्यावरून कळतं. दुसरा पिकाचा. जुलै २०२३ ची आडसाली डिसेंबर २०२४ ला गेली, तिचा खोडवा डिसेंबर २०२५ ला, म्हणजे १७ आणि १२ मिळून २९ महिने. त्या २९ महिन्यांचा नफा काढायचा आणि त्यातले १२ महिन्यांचे धरायचे. लागणीचा खर्च एकट्या लागणीवर टाकला तर खोडवा फुकटात पिकल्यासारखा दिसतो. तुकडा आत्ता उभा असेल तर त्यावरचा खर्च तोटा म्हणून लिहू नका, उभ्या पिकात गुंतलेला पैसा म्हणून वेगळा ठेवा. तुमची 'तोट्यातली' बरीच घरं तिथंच नीट होतील.
राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडं पीक उत्पादन खर्चाची जी योजना आहे त्यात हिशेब पिकाप्रमाणं ठेवतात, पण तिथं माणूस वर्षभर नोंदी घेतो. तुम्हाला एका भेटीत उरकायचंय, तर तीन वर्षांपूर्वीच्या खताची पोती आठवायला लावू नका. लागणीचा खर्च ज्यांची लागण नुकतीच झालीय त्यांच्याकडून घ्या आणि त्या गावच्या बाकीच्यांना तोच दर एकरी लावा.

(मूळ प्रश्नकर्ती)
खूप खूप आभार सगळ्यांचे. तोडणी-वाहतुकीचं दोनदा कापलं जाणं आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं, आज दुपारीच ती तपासणी टॅबवरच्या फॉर्ममधे टाकून घेतली.
अजून एक अडतंय. सातबारा आजोबांच्या नावावर, तिघं भाऊ, चुली तीन. ऊस एकाच्या नावानं कारखान्याला जातो, दूध वहिनींच्या नावानं डेअरीला. आम्ही चूल म्हणजे कुटुंब धरतो, मग ऊसबिल कुणाच्या फॉर्मवर?

करवीरकर
चूल हीच व्याख्या ठेवा, एनएसएसलाही एकत्र स्वयंपाक हाच निकष आहे. 'नावावर कुणाच्या' आणि 'पैसे कुणी वापरले' हे दोन वेगळे प्रश्न करा, आणि ऊसबिल वाटणीप्रमाणं तिन्ही फॉर्मवर विभागा. वाट्यानं दुसऱ्याचं रान करणारे मात्र सहज बोलणार नाहीत, कूळ लागण्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागण्याची भीती अजून आहे. 'खंडानं घेतलंय का' असं तोंडावर न विचारता प्रत्येक तुकड्याला 'यात कोण राबतं, माल कसा वाटता' असं विचारा.

ऊसकरी शिरोळ
दुधाचं बिल दहा दिवसाला होतं, मागच्या तीन बिलांच्या पावत्या बघा म्हंजे महिना मिळाला, पण म्हैस आटलेली असंल तर त्यावरनं वर्ष काढू नका, दिवाळीचा दूध फरक (डेअरी वरनं जादा देते ते पैसे) वेगळा विचारा. पशुखाद्य बिलातनंच कापत्यात. आणि उसाचं वाडं (वरचा हिरवा शेंडा) घरच्या म्हशीला जातं त्याची किंमत तुमच्या कुठल्याच फॉर्मात नसती, ती पण बघा.

(मूळ प्रश्नकर्ती)
वाड्याचा प्रश्न घालते दादा. खुशाली आणि एंट्री एकरी विचारू का टनाला?

ऊसकरी शिरोळ
एंट्री खेपेला विचारा, खुशाली टोळीला किती दिली ते. एकरी विचारलं तर अंदाजानं सांगतील. आणि सकाळी दहाच्या आत या, नंतर रानात असतोय.