फिटच्या गोळ्या चालू असताना गर्भनिरोधक कोणतं?

प्रश्न: कार्बामाझेपीन चालू आहे. सोबत रोजची गर्भनिरोधक गोळी चालेल का?

उत्तर १: नको. कार्बामाझेपीनमुळे यकृत गोळीतले हॉर्मोन भराभर मोडून टाकतं. गोळी वेळेवर घेऊनही दिवस राहू शकतात. दंडात बसवायच्या इम्प्लांटचंही तेच. कॉपर टी किंवा हॉर्मोनवाली टी बघा, त्यांचं काम गर्भाशयातच चालतं.

उत्तर २: तीन महिन्यांचं इंजेक्शनही चालतं. पण कार्बामाझेपीननं हाडं आधीच ठिसूळ होऊ शकतात, त्यात हाडं विरळ करणाऱ्या इंजेक्शनची भर कशाला?

उत्तर ३: औषध बंद केल्यावरही परिणाम 4 आठवडे टिकतो, लगेच गोळीवर भिस्त नको. लॅमोट्रिजीन (फिटचंच दुसरं औषध) घेणाऱ्यांचं मात्र उलटं: इस्ट्रोजेनची गोळी लॅमोट्रिजीनचंच रक्तातलं प्रमाण घटवते, फिट येऊ शकते. मेंदूविकारतज्ज्ञांना विचारूनच सुरू करा.