सीएसआर (कंपनीचा सामाजिक कामांवरचा खर्च) वाचून शेअर घ्यावा का?

मुलुंडकर: लोकलमध्ये उभ्याने एक वार्षिक अहवाल चाळला. शाळेला दिलेल्या बाकांचे फोटोच आठ पानं! याने भाव वाढतो का हो?

गिरगावची ताई: फोटो सोडा, सीएसआरचं परिशिष्ट उघडा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ नुसार पात्र कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्चावेच लागतात. मी आधी न खर्चलेली रक्कम आणि तिचं कारण बघते. दरवर्षी तेच कारण दिसलं की माझा विश्वास उडतो.

मुलुंडकर: पण जास्त खर्च करणाऱ्या कंपन्या नफ्यातही पुढे दिसतात.

ताई: अहो, नफा मोठा म्हणून २ टक्केही मोठे!

दादरचा सीए: बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण, कामगार, समाज यांबाबतचा कंपनीचा अहवालही वाचा. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा आहे. पाणी, कामगारांचे अपघात, सगळे आकडे मिळतील.