पाण्याखालचा मॅक्रो: मिररलेसमध्ये फोकस नक्की कुणाचा बसतो?

खडपी

नमस्कार मंडळी. चार वर्षं टीजी-६ हा छोटा कॅमेरा घेऊन डाइव्ह करतोय, जास्त करून मालवणला आणि दोनदा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला. त्याचा अगदी जवळून फोटो घेणारा मायक्रोस्कोप मोड मला मनापासून आवडतो पण आता मोठा कॅमेरा घ्यायचाच असं ठरवलंय. पावसाळ्यात आपल्याकडचं बंद असतं म्हणून ऑगस्टमध्ये इंडोनेशियातल्या लेंबेला चाललोय, मनाडोला उतरून बिटुंगकडे. दहा डाइव्ह, सगळ्या काळ्या वाळूवर, म्हणजे मॅक्रोच मॅक्रो, इवल्याशा जीवांचे अगदी जवळून फोटो.

घोडं अडलंय फोकसवर. मागच्या डिसेंबरात नेत्राणीला मित्राचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा, नेला होता (मॉडेल लिहीत नाही, चूक त्याची का माझी ते मलाच कळलेलं नाही). खडकावर नखाएवढा न्यूडिब्रँक, म्हणजे बिनशिंपल्याची समुद्री गोगलगाय, बसलेला, मला त्याच्या डोक्यावरची दोन शिंगं शार्प हवी होती. लेन्स पुढे जायची, मागे जायची, मध्येच शिंगं लख्ख दिसायची आणि बटण दाबेपर्यंत परत सगळं धूसर. त्या एका खडकापाशी वीस मिनिटं गेली, बडी (डाइव्हचा जोडीदार) सारखा हवेचा गेज दाखवत होता. घरी येऊन बघतो तर ६१ फोटोंपैकी ३ मध्ये शिंगं शार्प, बाकी सगळ्यांत पाठीवरचा कल्ल्यांचा तुरा. फार वाईट वाटलं, तसा न्यूडिब्रँक परत कधी दिसेल कोण जाणे.

आता डोक्यात चार जोड्या आहेत: सोनी ए७सी टू आणि ९० मॅक्रो, निकॉन झेड ८ आणि १०५, कॅनन आर६ मार्क टू आणि आरएफ १००, नाहीतर ओएम-१ आणि ६० मॅक्रो. जमिनीवरचे रिव्ह्यू ढिगाने वाचले, सगळीकडे कुत्र्याचे डोळे आणि उडणारे पक्षी. पाण्याखाली ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा.

कोळंबीवाली

मी दोन वर्षं ओएम-१ आणि ६० मॅक्रो वापरतेय, अंदमान आणि बालीतलं तुलांबेन. माझं मत स्पष्ट आहे, प्रवास करून मॅक्रोच करायचा असेल तर हाच घ्या.

कारण सांगते. बऱ्याच मिररलेसचे सेन्सरवरचे फोकस पॉइंट एकाच दिशेच्या रेषा नीट ओळखतात. विषयावर आडवे पट्टे असले की फोकस घुटमळतो, मग कॅमेरा जरा तिरका धरला की पटकन बसतो (हे तुमच्या मित्राच्या कॅमेऱ्यावरही करून बघा). ओएम-१ चे १०५३ पॉइंट सगळे क्रॉस टाइप आहेत, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखतात, त्यामुळे ही भानगड नाही. दुसरं म्हणजे डेप्थ, फोटोत किती जाडी शार्प येते ते. फुलफ्रेमला (मोठ्या सेन्सरला) १:१ वर, म्हणजे विषय सेन्सरवर खऱ्या आकाराचाच उमटतो तेव्हा, अ‍ॅपर्चर एफ १६ ठेवला तरी शार्प दिसणारी जाडी जेमतेम २ मिलिमीटर, तेवढंच फ्रेमिंग ओएम-१ च्या छोट्या सेन्सरवर त्याच अ‍ॅपर्चरला केलं तर साधारण दीडपट मिळते. न्यूडिब्रँकची दोन्ही शिंगं आत येतात ती त्या दीडपटीमुळेच. फक्त एफ ११ च्या फार पुढे जाऊ नका, छोट्या सेन्सरवर चित्र मऊ पडायला लागतं.

सब्जेक्ट डिटेक्शन, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून विषय ओळखणं, मी बंदच ठेवते. त्यात गाड्या, विमानं, आगगाड्या, पक्षी, कुत्री-मांजरं आहेत, मासा नाही. सगळ्यात लहान पॉइंट घेते, तो शिंगावर ठेवते आणि श्वास हळू सोडत जाते.

निळाई

ताईंच्या डेप्थच्या मुद्द्याशी सहमत, पण डिटेक्शन आणि ट्रॅकिंग (आपण दाखवलेल्या जागेचा फोकसने पाठलाग करणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खडपीदादांनी लक्षात घ्यावं.

मी आधी निकॉनच्या डी५०० या आरशावाल्या कॅमेऱ्यावर होतो. तेव्हा सगळे एकच शिकवायचे, फोकस लॉक कर आणि आख्खं अंग इंचभर पुढे-मागे डुलव, डोळा शार्प दिसला की बटण. आता झेड ८ वर थ्रीडी ट्रॅकिंग लावतो, पॉइंट कोळंबीच्या डोळ्यावर ठेवून मागचं फोकस बटण धरून ठेवलं की फ्रेम हलवली तरी पॉइंट डोळ्याबरोबर सरकतो. पाण्याला ओढ असताना, कोळंबी आणि मी दोघंही हेलकावे खात असताना असे फोटो मिळालेत जे आधी नशिबावर सोडायचो. कॅनन आर६ मार्क टू वाला एक डाइव्ह बडी आहे, त्याचाही अनुभव असाच, माशांचे डोळे तर त्याचा प्राण्यांचा मोड बऱ्याचदा आपणहून पकडतो.

पण याला मर्यादा आहे. पिग्मी सीहॉर्स घ्या, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, अंगावरच्या गाठी हुबेहूब तो ज्यावर राहतो त्या सी फॅन प्रवाळाच्या पॉलिपसारख्या (इवल्या तोंडांसारख्या) आणि वर सारखी पाठ फिरवणार. तिथे कुठलाही कॅमेरा असो, ट्रॅकिंग पॉलिपवर घसरतं. डायऑप्टर (लेन्सपुढे लावायचं भिंग) लावून १:१ च्या पुढे गेलात की तेच. तिथे परत जुनंच डुलणं, त्याला पर्याय नाही.

म्हणून बॉडीआधी लेन्स बघा. सोनीची ट्रॅकिंग चांगलीच आहे, पण ९० मॅक्रो २०१५ ची आहे, आणि आरएफ १०० व झेड १०५ दोन्ही २०२१ च्या. फोकसच्या वेगात तो फरक दिसतो. सोनीच घ्यायचा असेल तर त्यांच्या नव्या १०० जीएम मॅक्रो लेन्सचा विचार करा, ती १:१ च्या पुढे १.४ पटीपर्यंत जाते.

खडपी

दोघांचेही मनापासून आभार, तिरकं धरायची गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. एक विचारतो, माझा फोकस लाइट (फोकस करताना लावायचा दिवा) छोटा आहे आणि मी तो कायम लाल मोडवर ठेवायचो, प्राण्यांना त्रास नको म्हणून. त्यामुळे तर नसेल?

पोर्टवाला

असू शकतं! हेच लिहायला आलो होतो. न्यूडिब्रँकला लाल लाइटची गरज नाही, पांढरा लावा, मंद असला तरी चालेल, कॅमेऱ्याला कॉन्ट्रास्ट मिळाला पाहिजे. लाल ठेवा संध्याकाळच्या मँडरिन फिशसाठी, ते पांढऱ्या उजेडाला बुजतात. आणि लाल उजेडात घेतलेला फोकस स्ट्रोबच्या (पाण्याखालच्या फ्लॅशच्या) पांढऱ्या उजेडात लेन्सप्रमाणे किंचित सरकू शकतो, एफ १६ ला तो झाकला जातो पण एफ ५.६ ला नाही.

अजून एक. स्ट्रोबसाठी एफ १६ आणि १/२०० लावलं की स्क्रीन काळीकुट्ट होते आणि मग माणूस अंदाजाने फोकस करतो. सोनीला लाइव्ह व्ह्यूचा सेटिंग इफेक्ट बंद करा, कॅननला एक्स्पोजर सिम्युलेशन, बाकीच्यांनाही असं सेटिंग असतंच.

हाउसिंग (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी) बंद करायच्या आधी लेन्सवरची बटणं रोज बघायची सवय लावा कारण पाण्यात तिथे हात पोचत नाही. सोनी ९० ची फोकस रिंग मागे ओढली गेली तर लेन्स मॅन्युअलवर जाते आणि आख्खी डाइव्ह ऑटोफोकस नाही. आरएफ १०० वर एसए कंट्रोलची (धूसरपणाचा पोत बदलणारी) रिंग आहे, ती लॉक करून ठेवा. लिमिटर (लेन्सने किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं बटण) लेंबेत जवळच्या रेंजला ठेवा, ओएम-१ च्या ओलिंपस ६० ला ०.१९ ते ०.४ मीटर, सोनीला ०.२८ ते ०.५. लेन्सची निम्मी पळापळ तिथेच थांबते. मालवणला मात्र तरंगणाऱ्या कणांवर फोकस अडकतो, तिथे पॉइंट लहान ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि ऑगस्टच्या आधी एक काम करा, बादलीत पाणी भरून तळाशी तांदळाचा दाणा ठेवा आणि हाउसिंगसकट रोज अर्धा तास त्यावर फोकस मारा.

खडपी

बादली आजच भरतो. ओएम-१ कडे मन झुकलंय, हाउसिंग कुठलं घ्यावं, एओआय का नॉटिकॅम? कोळंबीवाली ताई, तुमचं कुठलं आहे?

कोळंबीवाली

एओआय. ओ-रिंगला (हाउसिंगच्या रबरी कड्याला) केस अडकलाय का ते दर वेळी टॉर्च मारून बघते, दोन वर्षांत पाण्याचा थेंब आत गेलेला नाही.