‘इन विच’ पुढे की ‘इन’ शेवटी?

प्रश्न: ‘द हाउस इन विच आय लिव्ह’ आणि ‘द हाउस आय लिव्ह इन’ ही दोन्ही बरोबर, मग ‘द हाउस विच आय लिव्ह’ चूक का? मराठीत तर ‘मी राहतो ते घर’ म्हणून भागतं. आणि वाक्याच्या शेवटी ‘इन’, ‘टू’, ‘विथ’ ठेवणं अशुद्ध, असं शाळेत शिकवलं होतं. ते खरं आहे का?

उत्तर: चुकीचं मूळ तुमच्या प्रश्नातच आहे, ‘मी राहतो ते घर’ या मराठी वाक्यात. आधी तेच पाहू.

मराठीत हे दोन तऱ्हांनी सांगता येतं. ‘ज्या घरात मी राहतो’ म्हटलं की ‘त’ हा प्रत्यय डोळ्यांसमोर राहतो. पण ‘मी राहतो ते घर’ किंवा ‘मी राहत असलेलं घर’ म्हटलं की तो ‘त’ नाहीसा होतो. ‘तू बसलीस ती खुर्ची’, ‘मी चहा प्यायलो तो कप’, ‘आजीने पोळ्या लाटल्या ते लाटणं’. खुर्चीवर, कपातून, लाटण्याने, यातलं काहीही आपण उच्चारलेलं नाही. ऐकणारा ते आपोआप समजतो. बोलताना आपण ‘ज्या’पेक्षा हीच रचना जास्त वापरतो, म्हणून इंग्रजीतही ‘इन’, ‘ऑन’सारखं अव्यय (प्रीपोझिशन) आपल्या हातून गळतं आणि ‘द चेअर यू सॅट’, ‘द कप आय ड्रँक टी’ अशी वाक्यं तयार होतात.

इंग्रजीत ही सवलत नाही. ‘आय लिव्ह इन अ हाउस’ या वाक्यातलं घर पुढे नेलं, त्याच्या जागी ‘विच’ आणलं किंवा काहीच आणलं नाही, तरी ‘इन’ राहिलाच पाहिजे. तो ‘विच’च्या आधी जाईल, नाहीतर आपल्या मूळ जागी थांबेल. म्हणून ‘द चेअर यू सॅट ऑन’, ‘द कप आय ड्रँक टी फ्रॉम’.

हीच गळती ‘-यला’च्या रचनेत तर फारच होते. ‘लिहायला पेन दे’, ‘लिहायला कागद दे’, ‘लिहायला विषय दे’, ‘मला एक पत्र लिहायचंय’. मराठीत सगळीकडे ‘लिहिणं’ तेवढंच दिसतं. इंग्रजीत मात्र ‘अ पेन टू राइट विथ’, ‘पेपर टू राइट ऑन’, ‘अ टॉपिक टू राइट अबाउट’ आणि ‘अ लेटर टू राइट’. पेनाने लिहितो, कागदावर लिहितो, विषयाबद्दल लिहितो, पण पत्र हे लिहिण्याचं थेट कर्म, म्हणून तिथे शेवटी काहीच नाही. ही चार उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. सगळा नियम त्यांत आहे. ‘मला बोलायला कोणी नाही’ याचं ‘आय हॅव नोबडी टू टॉक’ असं भाषांतर सर्रास ऐकू येतं. तिथे ‘टू टॉक टू’ हवं. पहिला ‘टू’ क्रियापदाचा, दुसरा माणसाशी जोडणारा, आणि दोन्ही लागतात.

उलट्या बाजूची चूक म्हणजे अव्यय दोनदा येणं: ‘द हाउस इन विच आय लिव्ह इन’. नियम पाठ केलेला असतो आणि सवयीने शेवटचंही सुटत नाही. ‘द हाउस व्हेअर आय लिव्ह इन’ ही त्याचीच बहीण. ‘व्हेअर’मध्ये ‘इन विच’ सामावलेलं आहे, वेगळं ‘इन’ नको. तिसरा प्रकार मराठीच्या जो–तो जोडीतून येतो. ‘ज्या माणसाशी मी बोललो, तो माझा काका’ यातला ‘तो’ इंग्रजीत शिरतो आणि ‘द मॅन आय स्पोक टू, ही इज माय अंकल’ तयार होतं. तो ‘ही’ काढून टाका.

आता ‘विच’आधी नेमकं कोणतं अव्यय येणार? वाक्य फोडून दोन करा, एवढीच युक्ती मला भरवशाची वाटते. ‘ज्या वेगाने गाडी चालली होती’ हे लिहायचंय. आधी सुटं वाक्य करा: ‘द ट्रेन वॉज रनिंग ॲट अ हाय स्पीड’. म्हणजे ‘द स्पीड ॲट विच’. मराठी प्रत्ययावर विसंबू नका, कारण आपला एकटा ‘ने’ फार कामं करतो. ज्या वेगाने म्हणजे ‘ॲट विच’, ज्या पद्धतीने म्हणजे ‘इन विच’, ज्या सुरीने कापलं ती ‘विथ विच’. तसंच ज्या दिवशी म्हणजे ‘ऑन विच’, ज्या आधारावर हेही ‘ऑन विच’, आणि ‘कितपत’ या अर्थाने ‘द एक्स्टेंट टू विच’. कधी अव्यय नाम ठरवतं, कधी क्रियापद, कधी विशेषण. ‘इंटरेस्टेड’ला ‘इन’ लागतो, म्हणून ‘द सब्जेक्ट इन विच शी इज इंटरेस्टेड’.

अव्यय पुढे नेलं की इंग्रजी कडक होते. ‘विच’ चालेल, ‘दॅट’ नाही. ‘द हाउस इन दॅट आय लिव्ह’ हे कधीच बरोबर नाही. माणसासाठी ‘हूम’च हवं: ‘द मॅन टू हूम आय स्पोक’. अव्यय शेवटी ठेवलं तर मोकळीक आहे: ‘हू’, ‘हूम’, ‘दॅट’ किंवा काहीच नाही. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस ‘द मॅन आय स्पोक टू’ म्हणतो.

म्हणजे शाळेतला तो नियम? तो भाषेच्या स्वभावातून आलेला नाही. जुन्या इंग्रजीतही अव्यय शेवटी राहत असे. त्याला दोष ठरवलं ते कवी जॉन ड्रायडनने. 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या एका नाटकातल्या ओळीवर बोट ठेवून त्याने लिहिलं की वाक्याच्या शेवटी अव्यय ठेवण्याची या लेखकाला खोड आहे, आणि ती आपल्याही लिखाणात अलीकडे दिसली. पुढे 1684 मध्ये त्याने नाट्यकाव्यावरचा आपलाच 1668 चा निबंध पुन्हा छापताना अशी वाक्यं बदलली. लॅटिनमध्ये अव्यय सहसा नामाआधी येतं, आणि त्या काळच्या विद्वानांचा आदर्श लॅटिन होती. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथच्या व्याकरणाने अव्यय पुढे ठेवणं अधिक डौलदार ठरवलं, पण शेवटी ठेवण्याला बंदी घातली नाही. उलट इंग्रजीचा कल तिकडेच आहे असं तो सांगतो, आणि ते सांगणारं त्याचं वाक्यांश ‘टू’वरच संपतं. पुढच्या शालेय पुस्तकांनी ‘डौलदार’चं ‘शुद्ध’ केलं. 1926 मध्ये इंग्रजीचा कोशकार हेन्री फाउलरने या समजुतीला सरळ अंधश्रद्धा म्हटलं. आजही मुलांचे गुण यासाठी कापले जात असतील तर तो अन्याय आहे.

फरक आहे तो शैलीचा. करारात, शासकीय पत्रात, संशोधन लेखात ‘इन विच’ शोभतं. मैत्रिणीला निरोप लिहिताना ‘द फ्रेंड विथ हूम आय केम’ फार ताठर वाटतं. नोकरीच्या अर्जात ‘द पोस्ट फॉर विच आय ॲम अप्लाइंग’ आणि ‘द पोस्ट आय ॲम अप्लाइंग फॉर’ दोन्ही चालतील.

काही ठिकाणी मात्र निवडच नसते. ‘लुक आफ्टर’, ‘पुट अप विथ’ अशी जोडक्रियापदं तोडता येत नाहीत. ‘द चाइल्ड शी लुक्स आफ्टर’ हेच म्हणायचं, ‘आफ्टर हूम शी लुक्स’ कानाला खटकतं. उलट ‘ड्युरिंग विच’ पुढेच शोभतं. आणि ‘ज्यांपैकी’साठीही हीच रचना लागते: ‘त्याला तीन बहिणी आहेत, त्यांपैकी दोघी पुण्यात असतात’, म्हणजे ‘टू ऑफ हूम लिव्ह इन पुणे’. इथे स्वल्पविरामानंतर ‘टू ऑफ देम’ लिहिण्याची चूक फार होते. ‘देम’ घ्यायचं असेल तर आधी पूर्णविराम द्या किंवा ‘अँड’ घाला.

पुढची शंका: मग ‘द वे हाउ ही टॉक्स’ आणि ‘इन विच केस’ यांचं काय?

उत्तर: ‘द वे हाउ’ आजच्या प्रमाण इंग्रजीत चालत नाही. ‘द वे इन विच ही टॉक्स’, ‘द वे दॅट ही टॉक्स’ किंवा नुसतं ‘द वे ही टॉक्स’. गंमत म्हणजे ‘वे’ या नामाला ‘इन’ सोडण्याची मुभा आहे, आपल्या ‘तो बोलतो ती पद्धत’सारखीच. ‘द डे वी मेट’मध्येही ‘ऑन’ सुटतो. ‘घरा’ला आणि ‘खुर्ची’ला ती मुभा नाही. ‘इन विच केस’मध्ये ‘विच’नंतर लगेच नाम येतं, जसं ‘ज्या घरात’मध्ये ‘ज्या’नंतर ‘घर’ येतं. अर्थ ‘आणि तसं झालं तर’: ‘इट मे रेन, इन विच केस वी विल स्टे होम’. ‘बाय विच टाइम’ म्हणजे ‘तोवर’, ‘ॲट विच पॉइंट’ म्हणजे ‘त्या क्षणी’. असे मोजके प्रयोग रुळलेले आहेत. पण त्यांच्या धर्तीवर ‘द हाउस इन विच हाउस आय लिव्ह’ करायला जाऊ नका.