मारकुट्या पोराला मारून काय शिकवतो आपण?

कडूलिंब: सोसायटीत परवा एका बाबाने पाच वर्षांच्या मुलाला सगळ्यांदेखत बडवलं. कारण काय, तर त्याने दुसऱ्या पोराला मारलं! 'पुन्हा हात उचलशील?' असं विचारत स्वतःचा हात चालूच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६१ मध्ये अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने ७२ मुलांवर प्रयोग केला होता. मोठं माणूस फुगवलेल्या बाहुल्याला हातोडीने बडवतंय हे पाहिलेल्या मुलांनी नंतर तसंच बडवलं, वर तेच शब्दही वापरले. स्वीडनने १९७९ मध्येच घरातल्या मारावरही बंदी घातली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यातली माराची बंदी शाळेपुरती. घरात रान मोकळं. मारकुटी पोरं घरातच तयार होतात, हे माझं मत.

वाड्यातला: तो बाहुला मार खाण्यासाठीच बनवलेला, पाडला की पुन्हा उभा राहणारा. त्यावरून घरोघरच्या आईबापांना आरोपी करू नका. आम्ही चिंचेचे फोक खाल्ले, कोण गुंड झालं? उलट मॉलमध्ये आईला चापट्या मारणाऱ्या पोरांना कोणी बोटही लावलेलं नसतं.

सांजवारा: जे झाले ते इथे लिहायला येणार आहेत का, वाड्यातले? मॉलचं मात्र पटलं. अमेरिकेत ओरेगनच्या जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी हेच उलगडलंय. पोर मागतं, आई नाही म्हणते, ते किंचाळतं, आई ओरडते, ते हातपाय झाडतं, शेवटी चॉकलेट मिळतं. आईला शांतता, पोराला चॉकलेट, दोघांचंही तात्पुरतं भागतं. पुढच्या वेळी पोर थेट हातपाय झाडण्यापासूनच सुरुवात करतं. आज फटका आणि उद्या चॉकलेट, ही तऱ्हा तर सगळ्यात वाईट.

वाड्यातला: आणि आईने नाही म्हटल्यावर आजी पदराआडून देते, त्याचं काय करायचं?

सांजवारा: आजीला आधी विश्वासात घ्या. पोरापेक्षा अवघड काम आहे ते!

बालवाडीवाली: कडूलिंब, 'घरातच तयार होतात' हे अर्धंच खरं. दोन-तीन वर्षांची बहुतेक सगळीच चावतात, ओरबाडतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे संशोधक रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांचा वर्षानुवर्षे माग काढला, तेव्हा हाणामारी याच वयाच्या आसपास सर्वाधिक आणि पुढे बहुतेकांची कमी होत गेलेली दिसली. शिवाय मुळातच तापट पोराला मार जास्त पडतो, म्हणजे कारण-परिणाम दोन्हीकडून. आमच्या वर्गात हात धरून थांबवतो, 'राग आलाय ना? तोंडाने सांग' म्हणतो. रोज, त्याच शब्दांत.

कडूलिंब: आणि त्यानेही थांबलं नाही तर?

बालवाडीवाली: मग खेळ बंद, बाजूला माझ्याजवळ बसायचं. पालक मात्र विचारतात, 'एक ठेवून का नाही दिलीत?'